धुरपताबाईंचे घरवाले

परभणीच्या दवाखान्यात खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तासाभरापूर्वी मी खाली चहा प्यायला उतरलो होतो. जिना चढून परत आलो तर आमची लेक करुणा वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभी होती, आणि तिनं नुसती मान हलवली. एवढंच. छप्पन वर्षांचा संसार, आणि शेवटाला मी कुठं होतो, तर टपरीवर बशीत चहा ओतत... कारकुनाला वाटलं, म्हाताऱ्याला हुंदका आला. त्यानं पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, "बाबा, सावकाश सांगा" म्हणाला. चांगला पोरगा होता. त्याला कसं सांगू, की बाबा रडत नाही, बाबाला नाव ठरवता येईना झालंय. मागून करुणा आली आणि तिनं सांगून टाकलं, सुजाता. त्यानं लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

त्याला आता सहा आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला, मास्तर, बाईंवर चार शब्द लिहा. मी आयुष्यभर पंचक्रोशीतल्या मयतांवर लिहीत आलो. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी हे तीन शब्द मी इतक्या जणांना चिकटवलेत की आता ते शब्द बघितले तरी लाज वाटते. तिला चिकटवायला गेलो तर बसेनात. कष्टाळू होती, खरं आहे. मनमिळाऊ मुळीच नव्हती, तोंडानं फटकळ होती. माझे लेख ती वाचायची आणि म्हणायची, "मेल्यावर समदेच कसे हो चांगले हुतेत तुमच्या कागदात?" तेव्हा ते तीन शब्द राहू द्या. मला तिच्याबद्दल एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. हैदराबादेत त्या दिवशी माझी बायको खरोखर हरवली होती, की तिला तसंच बसून राहायचं होतं? पन्नास वर्षं होत आली, मला अजून कळलेलं नाही. आता सांगणारी गेली, म्हणून लिहून बघतो. लिहिल्यानं तरी काही उकलतं का ते.

आधी नावाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी चुडाव्याच्या शाळेत नवानवा लागलो होतो. घरानं धम्माची दीक्षा घेऊन दहा-बारा वर्षं झालेली. जुनं टाकायचं, नवं धरायचं, हा जोर अंगात. वडलांनी देव्हाऱ्यातले देव आधीच गोदावरीत सोडले होते. मग मास्तरच्या बायकोचं नाव धुरपता कसं चालायचं? महाभारतातल्या द्रौपदीचं नाव, खेड्यातल्या जिभांनी कुटून कुटून त्याचं धुरपता केलेलं. मी लग्नाच्या मांडवात भंतेजींच्या आणि शे-दोनशे माणसांच्या देखत उभा राहिलो आणि जाहीर केलं, आजपासून हिचं नाव सुजाता. सुजाता कोण, तिनं तथागतांना खीर कशी दिली, हे चांगलं वीस मिनिटं समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. नवरी खाली मान घालून बसलेली. मांडव उठल्यावर ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे : "मंग आता मला खीर करावं लागंल का?"

मी हसलो. तेव्हा मला तो तिचा भोळेपणा वाटला. आता काय वाटतं ते मलाच सांगता येईना.

धुरपता हे नाव त्या दिवशी जे बुडालं ते बुडालंच. माहेरी तिचे वडील तिला बाई म्हणायचे, भाऊ आक्का म्हणायचे. माझी आई आधी सुजाता म्हणायला अडखळायची, मग सरावली. शेजारपाजारी सुजाता वहिनी. मी स्वतः तिला पाटीवर अक्षरं शिकवली, आणि तिनं आयुष्यात पहिला शब्द लिहिला तो सुजाता. माझ्या डोक्यातून जुनं नाव साफ गेलं होतं, खोटं कशाला बोलू? तुम्ही म्हणाल, नाव तुम्ही ठेवलंत, मग तुम्ही तरी त्या नावानं हाक मारली असेल. कशाची! आमच्याकडं नवरा बायकोला नावानं हाका मारायला लागला तर पारावर हसू व्हायचं. मी आपला 'अगं ए' आणि 'ऐकायलीस का'. तिनं माझं नाव घेणं तर लांबच राहिलं. मी विहारात स्त्रीपुरुष समतेवर घसा कोरडा करून यायचो आणि घरी बायको मला 'अवो' म्हणायची. मी म्हणायचो, "घे की गं एकदा नाव. काय होतंय?" ती म्हणायची, "काईच होत न्हाई. मंग कशाला घेऊ?"

सत्तरीचं दशक, मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा पूर्णेच्या शाळेतला जोडीदार वामन सिकंदराबादेला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. दर पत्रात एकच, मास्तर, एकदा वहिनीला घेऊन ये, शहर दाखवतो. आमच्या भागातल्या माणसाला हैदराबाद म्हणजे पहिल्यापासून राजधानी. आमच्या बापजाद्यांची कागदपत्रं तिकडं, कोर्टकचेऱ्या तिकडं, बोलण्यातले अर्धे शब्द तिकडचे. तिनं मात्र नांदेडच्या पुढं पाऊल टाकलेलं नव्हतं. मी रजा टाकली, करुणा तीन वर्षांची होती, तिला आईजवळ ठेवली आणि संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. तिनं ट्रंकेत लुगडी दोनच घेतली आणि ज्वारीचं पीठ पायली-दोन पायली. वामनच्या बायकोनं, विमलनं, पत्रात लिहिलं होतं की इथं भात खाऊन खाऊन जीव आंबला. हे वाक्य हिनं बरोबर ध्यानात ठेवलं होतं. मी काय घेतलं? वही. तिच्यात मी शाळेच्या वेळापत्रकासारखे रकाने आखले होते. पहिला दिवस, सकाळी चारमिनार, दुपारी म्यूझियम. दुसरा दिवस गोळकोंडा. तिसरा दिवस प्रदर्शन. प्रत्येक ठिकाणाचा इतिहास पाठ करून ठेवला होता. बायकोला शहाणी करायची होती मला.

वामनचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं. तो स्टेशनवर घ्यायला आला तोच "आवो मास्तर आवो, कैसे हैं" करत. पार तिकडचा झाला होता, नक्को आणि हौ शिवाय बोलेना. विमल आमच्या जिंतूरकडची, उंच, ठसठशीत, मोठ्यानं हसणारी. या दोघींची गाठ फक्त एकदा आमच्या लग्नात पडलेली. पण मी हातपाय धुऊन येईपर्यंत दोघी चुलीपाशी अशा गुळपीठ करून बसल्या होत्या की जशा पाठच्या बहिणी. भाकरी थापण्याचा आवाज, मधेच खुसखुस, मधेच एकदम शांत. मी दारात जाऊन "काय चाललंय?" विचारलं की दोघी गप्प. वामन म्हणाला, "जाने दो मास्तर, बायकांचा कारोबार हाय." मला ते जरा लागलंच. घरी माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलणारी बाई इथं तोंड मिटेना.

चारमिनारपाशी मी कमानीखाली उभा राहून चार मिनार कुणी बांधले, कशासाठी बांधले हे सांगायलो, तर ही बांगड्यांच्या गल्लीकडं तोंड करून विमलशी बोलायली. म्यूझियममध्ये एक मोठं घड्याळ होतं, दर तासाला त्यातून एक छोटा बाहुला बाहेर येऊन टोले मारायचा. ते बघायला शे-दीडशे माणसं बाकांवर माना वर करून बसलेली. ती बाहुल्याकडं बघेचना, माणसांकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "अवो, येवढी मानसं एका टोल्यापायी बसलीत. ह्यांला कामं न्हाईत का?" गोळकोंड्याला तर तिनं हद्द केली. पायथ्याशीच पदर पसरून बसली. मी म्हणलं, वरून सगळं शहर दिसतं. ती म्हणाली, "खालूनबी दिसायलंय की." मी आणि वामन घामाघूम होऊन वर गेलो, वरून बघितलं तर दोन ठिपके तिथंच होते. खाली आल्यावर मी चिडलो. म्हणलं, तुला कशाची हौसच न्हाई. ती विमलकडं बघत बोलली, "हौस हाय. तुमच्या वहीतली न्हाई." विमल फिस्सकन हसली. वामननं सिगारेट पेटवली आणि दुसरीकडं बघितलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही प्रदर्शनाला गेलो. दर वर्षी थंडीत तिथं मोठं मैदान भरून दुकानं लागतात, काश्मीरच्या शालींपासून लखनौच्या कुडत्यांपर्यंत, पाळणे, जादूचे खेळ, सगळा गलबला. मैदानाला दोन दरवाजे आणि खांबाखांबावर भोंगे. वामन आणि विमल त्यांच्या पोराला काहीतरी घ्यायला एका दुकानात शिरले. मी म्हणलं, आम्ही पुढं होतो. आता आमच्याकडची रीत अशी, की नवरा पुढं आणि बायको चार पावलं मागं. मी हात मागं बांधून पुढं चाललोय, आणि आदल्या दिवशीचा राग डोक्यात असल्यानं तिला समजावत चाललोय. मोठं शहर बघितल्यानं माणसाची दृष्टी कशी रुंदावते, बाईनं घराबाहेर पडून काय काय शिकावं, नुसतं चुलीपाशी कुजबुजण्यात जन्म घालवू नये, वगैरे वगैरे. बराच वेळ बोललो. चांगलं मुद्देसूद बोललो. आणि मग पटलं का म्हणून मागं वळलो, तर मागं एक दाढीवाला म्हातारा खांद्यावर नातू घेऊन चाललेला. तो म्हणाला, "जी?"

खरंच सांगतो, त्याआधी आणि त्यानंतर इतका कधी भ्यालो नाही. आलो त्या वाटेनं पळत गेलो, प्रत्येक दुकानात डोकावलो. हिरवं लुगडं दिसलं की धावायचो, जवळ गेलं की दुसरीच बाई. परक्या मुलखात माझी बायको, तिला वामनचा पत्ता ठाऊक नाही, घराचा नंबर ठाऊक नाही. एका वळणावर वामन-विमल भेटले. विमलनं तिथंच तोंडाला पदर लावला. आम्ही पुढच्या दरवाज्याजवळच्या टेबलापाशी गेलो. तिथं चिठ्ठी लिहून घेत आणि भोंग्यावर नाव पुकारत. टेबलावरच्या माणसानं विचारलं, बीवी का नाम? मी तोंड उघडलं आणि अडखळलो. आठ वर्षांच्या संसारात ते नाव मी मोठ्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणलं, सुजाता. भोंगा गरजला, "सुजाता बाई, चुडावा, जहाँ भी हों, बड़े दरवाज़े पे आ जाएँ, आप के शौहर परेशान हैं." आम्ही वाट बघत उभे. कुणी येईना. पुन्हा पुकारलं. कुणी येईना.

आणि मग त्याच भोंग्यावर दुसऱ्या दरवाज्याची चिठ्ठी वाचली गेली. "परभनी ज़िले से आए हुए धुरपता बाई पिछले दरवाज़े पे ज़नाने में बैठे हैं. उन के घरवाले आ के ले जाएँ." मी ते ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. आणि माहिती आहे मी काय केलं? मी वामनला म्हणलं, "बघ, आपल्या जिल्ह्यातली आणखी एक हरवली. काय माणसं असतेत, बायकांला घेऊन येतेत आणि लक्ष ठेवीत न्हाईत..." असं मी म्हणलं. या तोंडानं. पुन्हा भोंगा वाजला, धुरपता बाई. मी कान टवकारून बसलोय, सुजाता कधी ऐकू येतं म्हणून. तिसऱ्या वेळेला विमल एकदम माझ्या अंगावर ओरडली, "अवो भाऊजी! काखेत कळसा न् गावाला वळसा! तुमचीच हाय की ती!" मी म्हणलं, माझी कशी? ही तर कुणी धुरपता... आणि मग ते नाव माझ्या डोक्यात कुठंतरी खोल, विहिरीत बादली आदळावी तसं आदळलं.

विमलला कसं माहीत? चुलीपाशी पहिल्याच दिवशी हिनं तिला सांगितलं होतं. जे मी आठ वर्षांत विसरलो ते त्या बाईला एका दुपारीत कळलं होतं.

मागच्या दरवाज्याच्या जनान्यात, बायकांच्या बसायच्या जागेत, आम्ही धापा टाकत पोचलो. मला वाटलेलं, रडून रडून अर्धी झाली असेल. तर ही बाकावर पाय वर घेऊन बसलेली, हातात चहाची कपबशी, शेजारी एक बुरख्यातली म्हातारी खाला, आणि दोघी ज्वारीला कीड लागू नये म्हणून काय करावं यावर बोलायल्या. मला बघून ती उठली नाही. कप संपवला, बशी खाली ठेवली, खालाला "येते माय" म्हणाली, मग उठली. मी तिथंच सुरू झालो. माझं नाव का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमचं कसं घेऊ?" बरं, सुजाता का नाही सांगितलंस? "त्यानं इचारलं, तेरा नाम क्या. तोंडात आलं ते सांगितलं." मी म्हणलं, अगं, भोंग्यावर दोनदा सुजाता सुजाता ओरडले, ऐकलं नाहीस? ती लुगड्याच्या निऱ्या झटकत म्हणाली, "ऐकलं की." मग? मग उठून आली का नाहीस? तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. राग नव्हता, हसू नव्हतं. "पुन्यांदा म्हनतेत का बघत हुते," म्हणाली, आणि विमलचा हात धरून चालायला लागली. या वेळी त्या दोघी पुढं आणि मी मागं.

म्हणजे काय? पुन्हा म्हणतात का बघत होते, म्हणजे काय? ऐकून बसली? का तिला पटकन उमगलंच नाही, की सुजाता म्हणजे आपण? का पायच दमले होते बिचारीचे माझ्या वेळापत्रकानं, आणि तिला घटकाभर कुणाचीच कोणी नसताना चहा प्यायचा होता? घरी परतताना रिक्षात मी वातावरण हलकं करावं म्हणून म्हणलं, "काय धुरपताबाई, चहा कसा होता?" तिनं झटकन मान वळवली. "त्या नावानं तुमी हाक मारू नका," म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा काही होता की वामनसुद्धा रिक्षाबाहेर बघायला लागला. गाडीत बसून चुडाव्याला उतरेपर्यंत तिनं मला दशम्या वाढल्या, पाणी दिलं, सगळं केलं. तो विषय नाही.

नंतर मी किती वेळा विचारलं असेल! एकदा म्हणाली, तिथल्या बाईनं सांगितलं होतं की हितनं हलू नको, म्हणून हलले नाही. एकदा म्हणाली, गलबल्यात ऐकूच आलं नव्हतं. मी म्हणलं, तेव्हा तर ऐकलं म्हणाली होतीस. "मंग ऐकलं असंल," म्हणाली. एकदा माझंच मन मला खायला लागलं. इतकं समतेवर बोलतो, आणि एका बाईला न विचारता तिचं नाव भर मांडवात बदललं. मी तिला म्हणलं, तुला वाटत असेल तर रेशनकार्डावर, सगळीकडं तुझं जुनं नाव करून घेऊ. ती मटकी निवडत होती, खो खो हसली. "आता ह्या वयात बारसं करता का माझं?" आणि हेही सांगितलं पाहिजे, की सुजाता या नावाचा तिला अभिमान होता. बायांच्या बचत गटात बाकीच्या अंगठा लावायच्या तेव्हा ही सही करायची, सुजाता, जीभ दातात धरून, कागद फाटेल इतकं पेन दाबून. एका साहेबानं इथं अंगठा द्या म्हणून शाईचा डबा पुढं केला तर त्याला म्हणाली, "डबा झाका, वाळून जाईल." ती सही मी किती कौतुकानं बघायचो. त्या नावानं तिला अक्षर दिलं, मान दिला, हे खोटं नाही. मग माझी चूक झाली की नाही झाली? मी कुणाला विचारू?

ती गेल्यावर चौथ्या दिवशी विमलचा फोन आला. वामन जाऊन बारा वर्षं झाली, ती आता लेकाजवळ असते, तिकडंच. हॅलो म्हणायच्या आधी हुंदका, आणि मग, "भाऊजी, माझी धुरपता गेली का हो..." ती इतकी वर्षं हिला त्याच नावानं हाक मारत होती. कुणी नसलं की म्हणत जा, असं हिनंच सांगितलेलं. माझ्या घरातल्या फोनवर दर रविवारी दुपारी, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना, पलीकडून कुणीतरी धुरपता म्हणत होतं, आणि ही आत बसून हसत होती. मला मत्सर वाटला. मेलेल्या बायकोच्या मैत्रिणीचा मत्सर, वय वर्षं ऐंशी! मी विमलला तेच विचारलं, की तिच्या पोटातलं तुला ठाऊक, सांग, त्या दिवशी ती भोंगा ऐकून का बसून राहिली? विमल म्हणाली, "मलाबी ठाऊक न्हाई भाऊजी. मी कधी इचारलंच न्हाई. तुमी इचारलं हुतं का?" मी म्हणलं, शंभर वेळा. ती म्हणाली, "तसं न्हाई. तुमी मास्तरावानी इचारलं असंल. उत्तर बरोबर का चूक, आसं." पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर करुणानं सुजाता छापलं. विहाराच्या दारावर तिच्या नावाची फरशी बसवायची आहे, कारागीर दोनदा येऊन गेला, काय कोरू म्हणून. मी त्याला दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात ये म्हणलंय.

आता शेवटचं. हे मी करुणालाही सांगितलेलं नाही, तिला इथंच वाचायला मिळेल. तिची आई गेली त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. दोन दिवस तिनं डोळे उघडले नव्हते. करुणा तिच्या वहिनीला, म्हणजे माझ्या सुनेला, आणायला स्टॅंडवर गेली होती. खोलीत मी एकटा. नर्स येऊन "सुजाता आजी, सुजाता आजी" म्हणून गाल थोपटून गेली. काही नाही. मी वाकून 'अगं ए' म्हणलं, 'ऐकायलीस का' म्हणलं. काही नाही. मग मी, आयुष्यात कधी नव्हे ते, सुजाता म्हणलं. माझ्या कानालाच ते परकं लागलं. काही नाही. तिनं मना केलेलं नाव एकच उरलं होतं. मला भीती वाटायली. ती ओ देणार नाही याची नव्हे, देईल याची. ओ दिली तर ही छप्पन वर्षं कुणाची? पण मला तिचा आवाज ऐकायचा होता हो... दाराकडं बघितलं, कुणी नव्हतं. तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि म्हणलं, "धुरपता."

"ओ," ती म्हणाली.

इतकं झटकन, इतकं स्वच्छ. जशी अंगणात काम करणारी पोर आतून हाक आल्यावर म्हणते. डोळे उघडले. माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि विचारलं, "कोन हाव तुमी?" मास्तर म्हणू, करुणाचे बाबा म्हणू? तिला यातलं काहीच ठाऊक नसलेलं त्या डोळ्यांत दिसत होतं. मग जे नाव तिनं कधी घ्यावं म्हणून मी जन्मभर तिच्या मागं लागलो, ते मीच सांगितलं. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, गावासकट. परक्या माणसाचं नाव ऐकून आपण हलवतो तशी तिनं मान हलवली. पदर सारखा करायला हात उचलायला गेली, तो उचलेना. "बसा," म्हणाली. "बाबा येतेतच आता रानातनं." आणि डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही. तिला मी कोण वाटलो? कुणी वाटसरू, का तिला बघायला आलेला चुडाव्याचा नवा मास्तर? मी खूप विचार करतो, डोकं चालत नाही.

हल्ली रोज तिन्हीसांजेला मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकतो. आत दिवा लावत नाही, काही मागत नाही, वाचत नाही. करुणा आली होती परवा, तिला बघवेना. म्हणाली, "बाबा, असं अंधारात एकटे काय करायलाव? उठा की."

मी म्हणलं, "राहू दे. बसायला सांगितलंय."